आस्क१ची आगळ: प्रकल्पाची वही, जून ते सप्टेंबर २०२५

९ जून

विषय एकदाचा पक्का झाला. तीन आठवडे मी मॅडमच्या केबिनच्या दारात नवनवे विषय घेऊन उभी राहत होते आणि त्या दर वेळी "हे चार वर्षांचं काम आहे, तुझ्याकडे चार महिने आहेत" म्हणून परत पाठवत होत्या. आज त्यांनीच सांगितलं: आस्क१ आणि थायोरेडॉक्सिन.

थोडक्यात मांडून ठेवते, म्हणजे प्रबंध लिहिताना शोधाशोध नको. पेशीवर ताण आला (ऑक्सिडेशन, अतिनील किरण, उष्णता, टीएनएफसारखा दाहाचा निरोप) की कायनेझ प्रथिनांची तीन मजली साखळी जागी होते. वरच्या मजल्यावरचं कायनेझ मधल्याला फॉस्फेट चिकटवतं, मधलं खालच्याला. आस्क१ बसतं सगळ्यात वर. त्याच्याखाली एमकेके४ आणि एमकेके७, त्यांच्याखाली जेएनके. दुसऱ्या जिन्याने एमकेके३, एमकेके६ आणि तळाला पी३८. निरोप थोडा वेळ टिकला तर पेशी डागडुजीला लागते, रेंगाळला तर मरणाचा रस्ता धरते. त्यामुळे आस्क१ला मोकळं सोडून चालत नाही. शांत पेशीत त्याच्या एन टोकाकडच्या भागाला थायोरेडॉक्सिन धरून बसलेलं असतं, आणि ते धरून आहे तोवर आस्क१ गप्प.

आस्क१चा शोध १९९७चा, जपानमधल्या हिदेनोरी इचिजो यांच्या गटाचा. पुढच्याच वर्षी त्यांनी यीस्टमध्ये चाळणी लावून आस्क१ला कोण कोण चिकटतं ते पाहिलं आणि थायोरेडॉक्सिन हाती लागलं. गंमत अशी की चिकटतं ते फक्त क्षपित (ऑक्सिडेशन न झालेलं) थायोरेडॉक्सिन. त्याच्या ३२ आणि ३५ क्रमांकाच्या सिस्टीनमध्ये (गंधक असलेल्या अमिनो आम्लांमध्ये) डायसल्फाइड बंध पडला की पकड सुटते. दाराला आगळही हीच आणि बाहेर कोण आलंय ते बघणारा पहारेकरीही हाच.

मॅडमचा प्रश्न साधा आहे. "हायड्रोजन पेरॉक्साइड दिल्यावर थायोरेडॉक्सिन सुटतं हे सगळेच लिहितात. किती मिनिटांनी सुटतं, जेएनके आधी जागं होतं की नंतर, आणि आगळ परत कधी बसते, हे तुझ्या हाताने दाखव."

वहीच्या पहिल्या पानावर हा प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून ठेवला.

१३ जून

राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून आणलेल्या हेक२९३ पेशी (माणसाच्या मूत्रपिंडातून आलेल्या, प्लेटमध्ये वाढणाऱ्या) लॅबमध्ये होत्याच. द्रव नायट्रोजनमधून एक नळी काढून वितळवली. या पेशी वाढायला उत्साही, पण प्लेटला धरून राहण्यात भारी आळशी. बफर जरा जोरात सोडला की चादर निघाल्यासारखी सगळी थराची थर सुटून येते. ताईने (आमची सीनियर, पीएचडीचं पाचवं वर्ष) दाखवलं: पिपेटचं टोक प्लेटच्या भिंतीला टेकवायचं आणि बफर थेंबाथेंबाने भिंतीवरून उतरवायचा, देवाला अभिषेक घालतात तसा.

१९ जून

पहिला वेस्टर्न ब्लॉट: प्रथिनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करायची, पातळ पडद्यावर (मेम्ब्रेनवर) उतरवायची आणि अँटिबॉडीने शोधायची. थायोरेडॉक्सिनचा पत्ता नाही.

आधी वाटलं अँटिबॉडी मेली. ती यायला दीड महिना लागला होता, त्यात डबा वाटेत कुठेतरी अडकून पडला आणि उघडला तेव्हा कोरडा बर्फ नावाला उरला होता. पण ताईने मेम्ब्रेन हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "छिद्रं किती मायक्रॉनची?" ०.४५. "मग गेलं ते आरपार."

थायोरेडॉक्सिन म्हणजे जेमतेम १०५ अमिनो आम्लं, वजन १२ किलोडाल्टन. आस्क१ची १३७४ अमिनो आम्लं आणि १५५ किलोडाल्टन. एका जेलवर दोघांना बघायचं म्हणजे हत्ती आणि उंदीर एकाच तागडीत. १२ टक्क्यांच्या जेलवर मी निळी रेघ अगदी तळाला जाईपर्यंत थांबले, तेव्हाच निम्मं थायोरेडॉक्सिन खालच्या बफरमध्ये गेलं असणार. उरलेलं ट्रान्सफरमध्ये मेम्ब्रेन ओलांडून पलीकडच्या कागदात.

आता ठरवलं: प्रत्येक नमुना दोन जेलवर. आस्क१साठी ७.५ टक्के, थायोरेडॉक्सिनसाठी १५ टक्के, आणि १५च्या जेलला ०.२ मायक्रॉनची मेम्ब्रेन. ट्रान्सफरचा वेळही कमी.

२० जून

पालख्या पुण्यात. रस्ते बंद, लॅबपर्यंत चालत. माध्यम बदललं, बाकी काही नाही. येताना एका दिंडीबरोबर अर्धा रस्ता कापला, पाय दुखल्याचं कळलंही नाही.

२१ जून

१२ किलोडाल्टनवर बँड. स्वच्छ, बारीक. अँटिबॉडीची मनातल्या मनात माफी मागितली.

२७ जून

एचए खूण लावलेल्या आस्क१चा प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारा डीएनए) पेशींत सोडला, १० सेंटीमीटरच्या प्लेटला ६ मायक्रोग्रॅम. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघते तर पेशी गोल होऊन तरंगतायत. पेरॉक्साइडचा थेंबही अजून दिलेला नव्हता. ब्लॉटवर जेएनकेचं फॉस्फेट कंट्रोलमध्येच ठासून भरलेलं: ४६ आणि ५४, दोन्ही बँड काळेकुट्ट.

मॅडम हसल्या. "अगं, पेशीत थायोरेडॉक्सिन आहे तेवढंच आहे. तू आस्क१ची वरात आणलीस. प्रत्येकाला धरायला माणूस कुठून आणणार?"

१९९७च्या मूळ शोधनिबंधातही आस्क१ भरमसाट बनवलं की पेशी मरतात हेच दाखवलं होतं, नावातच मरणाचा उल्लेख आहे (आस्क१मधला 'ए' अपॉप्टोसिसचा, म्हणजे पेशीच्या ठरवून मरण्याचा). मी ते वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि सकाळी आठ वाजता तरंगणाऱ्या पेशी बघणं वेगळं.

पुढच्या वेळी ०.५ मायक्रोग्रॅम आणि बाकी ५.५ रिकामा वेक्टर, म्हणजे डीएनएचं एकूण वजन तेच राहील. जोडीला ७०९ क्रमांकाचा लायसिन बदलून निकामी केलेलं आस्क१. ते थायोरेडॉक्सिनला धरेल, पण खाली निरोप पाठवणार नाही.

३ जुलै

जर्नल क्लब माझा होता. मुद्दाम जेआयपी१ घेतलं, कारण २७ तारखेचा फटका ताजा होता.

गोष्ट अशी. १९९७मध्ये रॉजर डेव्हिस यांच्या अमेरिकेतल्या गटाने जेएनकेला चिकटणारं एक प्रथिन शोधलं. पेशीत ते जास्त बनवलं की जेएनके पेशीद्रवातच अडकून पडतं, केंद्रकात जात नाही, निरोप थंडावतो. शीर्षकातच लिहिलं, जेएनकेचा निरोधक. वर्षभरात त्याच गटाने पुन्हा बघितलं तर हे प्रथिन जेएनकेलाच काय, एमकेके७लाही आणि त्याच्या वरच्या मजल्यावरच्या कायनेझलाही धरतं. म्हणजे तिघांना एका ठिकाणी आणून निरोप पुढे सरकवणारा हा मचाण. ज्याला अडवणारा म्हटलं तो खरं तर जोडणारा.

मग आधीचं चुकलं का? नाही, आकडे बरोबर होते. मी असं समजावलं: लग्न जमवायला मध्यस्थ एक असेल तर दोन्ही घरं त्याच्याच ओसरीवर भेटतात. मध्यस्थ पन्नास झाले की मुलीकडचे एकाच्या ओसरीवर चहा पीत बसतात, मुलाकडचे दुसऱ्याच्या, आणि लग्न राहतं बाजूला. मध्यस्थांचा हेतू वाईट नव्हता, संख्या वाईट होती.

प्रश्नोत्तरांत एका सरांनी विचारलं, "मग थायोरेडॉक्सिन तरी निरोधक कशावरून? जास्त बनवून कोणतंही चिकटणारं प्रथिन निरोधक ठरवता येईल." उत्तर माझ्याकडे अर्धंच होतं: थायोरेडॉक्सिनच्या बाबतीत उलटी बाजूही तपासलेली आहे, पेशीतलं थायोरेडॉक्सिन कमी केलं की आस्क१ जागं होतं. पण प्रश्न खिशात घेऊन घरी आले.

११ जुलै

०.५ मायक्रोग्रॅमचा कंट्रोल शांत. छान. मग पेरॉक्साइड दिलं, ०.५ मिलिमोलर, १५ मिनिटं. तेही शांत. हे काही छान नाही.

१४ जुलै

दुप्पट दिलं, १ मिलिमोलर. जेएनके किंचित हललं. पुस्तकाप्रमाणे इथे बँड फुलायला हवा.

१६ जुलै

सापडलं, आणि एक नव्हे, दोन कारणं.

पहिलं माध्यमात. आमच्या डीएमईएमच्या बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलंय: सोडियम पायरूव्हेटसह. पायरूव्हेट पेरॉक्साइडला भेटलं की दोघं मिळून अॅसिटेट, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन मोकळे होतात. माध्यमात पायरूव्हेट १ मिलिमोलर, मी पेरॉक्साइड ०.५ घालत होते. पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच निम्मी लढाई माध्यमाने लढून घेतली.

दुसरं बाटलीत. ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड ताजं असताना साधारण ९.८ मोलर असतं. आमची बाटली फ्रीजच्या दारात कधीपासून उभी आहे कुणालाच आठवत नाही. हजारपट पातळ करून २४० नॅनोमीटरवर शोषण मोजलं: ०.२९. मोलर गुणांक ४३.६, म्हणजे मूळ बाटली ६.७ मोलरच्या आसपास. एक तृतीयांश हवेत गेलं.

नवी बाटली मागवली. तोवर प्रयोगाआधी पेशी पायरूव्हेट आणि सीरम नसलेल्या माध्यमात घ्यायच्या आणि पेरॉक्साइड रोज मोजून घालायचं. दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठी डकवली: "मोजल्याशिवाय वापरू नये." मावशींनी (काचसामान धुणाऱ्या, लॅबमधल्या सगळ्यात जुन्या) वाचून विचारलं, "पगाराचं लिहिलंय का गं?"

२५ जुलै

पहिला पूर्ण को-आयपी, म्हणजे आस्क१ला त्याच्या एचए खुणेला धरून ओढून काढायचं आणि सोबत काय चिकटून येतं ते बघायचं. ०, ५, १५, ३०, ६० मिनिटं. एचएची अँटिबॉडी लावलेले बीड्स (बारीक मणी), रात्रभर चार अंशांवर फिरवून, सकाळी धुऊन दोन जेल.

लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रवात) फॉस्फो-जेएनके सुंदर चढलं: ५ला सुरुवात, १५ला भरगच्च, ६०ला उतरणीवर. आस्क१चं फॉस्फेटही त्याच तालात. (अँटिबॉडीच्या डबीवर थ्रिओनिन ८४५ लिहिलंय, तो उंदराचा क्रमांक, माणसात तोच ८३८. आकृतीत लिहिताना गोंधळ नको.)

आणि बीड्सवर? थायोरेडॉक्सिन शून्यालाही आहे, पाचलाही आहे, पंधरालाही, तीसलाही, साठलाही. पाचही बँड सख्ख्या भावंडांसारखे.

रात्री झोप नाही. म्हणजे आगळ निघालीच नाही तरी दार उघडलं? सत्तावीस वर्षं सगळे चुकीचं लिहितायत?

२८ जुलै

मॅडमना ब्लॉट दाखवला. मी शक्य तेवढ्या शांतपणे "हे कदाचित नवीन असेल" म्हटलं. त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला, ब्लॉट उजेडात धरला आणि विचारलं, "लायसिस बफरमध्ये काय काय आहे?"

मी घडाघडा म्हणून दाखवलं. ट्रिस, मीठ, ट्रायटन १ टक्का, सोडियम फ्लोराइड, व्हॅनाडेट, बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट, पीएमएसएफ, डीटीटी.

शेवटचा शब्द उच्चारतानाच मला ऐकू आला.

२९ जुलै

सविस्तर लिहिते, कारण या चार महिन्यांत याहून मोठी चूक होणार नाही अशी आशा आहे.

डीटीटी क्षपण करतं, डायसल्फाइड बंध तोडणं हेच त्याचं काम. आमच्या लॅबचा लायसिस बफर कायनेझची क्रिया मोजण्यासाठी बनवलेला, आणि त्या कामात १ मिलिमोलर डीटीटी घालायची जुनी पद्धत. मी कृती उतरवून घेतली, विचार उतरवून घेतला नाही. प्लेटमध्ये पेरॉक्साइडने थायोरेडॉक्सिनचे सिस्टीन जोडले, पकड सुटली, आस्क१ मोकळं झालं, खाली जेएनके जागं झालं. इथवर सगळं यथासांग. मग मी बफर ओतला. पेशी फुटल्या, डीटीटीने बंध तोडून थायोरेडॉक्सिनला पुन्हा क्षपित केलं आणि मी ते आस्क१सोबत रात्रभर चार अंशांवर गोल गोल फिरवत ठेवलं. दोघांना परत भेटायला बारा तास मिळाले. जेएनकेचं फॉस्फेट मात्र जसंच्या तसं राहिलं, कारण डीटीटीला फॉस्फेटशी देणंघेणं नाही.

थोडक्यात, खालचा मजला प्लेटमधली वेळ सांगत होता आणि वरचा मजला नळीतली. दोन घड्याळं, आणि मी दोन्ही एकाच आकृतीत लावली.

वर डीटीटी व्हॅनाडेटलाही निकामी करतं. म्हणजे एकाच बफरमध्ये दोन पदार्थ एकमेकांचे पाय ओढत होते आणि बफर वर्षानुवर्षं तसाच बनतोय. ताईने बाटलीवरची जुनी पट्टी काढून नवी लावली. मला काही बोलली नाही, चहा मात्र तिने पाजला.

५ ऑगस्ट

बफर नवा, डीटीटीशिवाय. बर्फाचं पाणी, थंड बीड्स, रात्रभराऐवजी दोन तास.

आता प्रश्न एनईएमचा. ते मोकळ्या सिस्टीनवर कायमचं चिकटतं, त्यामुळे पेशी फुटल्याक्षणी प्रत्येक सिस्टीन ज्या अवस्थेत आहे तिथेच गोठतं. ऐकायला अगदी हवं तेच. पण थायोरेडॉक्सिन आस्क१ला ज्या टोकाने धरतं तिथेच ते दोन सिस्टीन आहेत. त्यांच्यावरच एनईएम बसवलं तर पकड माझ्यामुळे सैल झाली की पेरॉक्साइडमुळे, हे कसं सांगणार? म्हणून प्रत्येक वेळेला दोन प्लेटा: एक को-आयपीसाठी, डीटीटीही नाही आणि एनईएमही नाही, फक्त घाई, दुसरी एनईएम घालून, थेट जेलसाठी. खर्च दुप्पट. मॅडमनी सही करताना भुवई उंचावली, पण केली.

(एनईएम अल्कोहोलमध्ये ताजं विरघळवायचं, पाण्यात ते टिकत नाही. मास्क लावून वजन करायचं, नाहीतर अख्खा दिवस शिंका.)

८ ऑगस्ट

निघालं!

शून्यावर थायोरेडॉक्सिनचा बँड ठसठशीत. ५ मिनिटांना निम्म्याहून कमी. १५ला जवळजवळ दिसत नाही, मेम्ब्रेन तिरकी धरली तर सावली. ३०लाही तसंच. ६०ला परत, शून्याएवढा नाही, पण आहे. आस्क१ पाचही रकान्यांत सारखं.

ताईला बोलावलं. तिने मोबाइलवर फोटो काढून घेतला, म्हणाली, "आता अजून दोनदा कर, मग नाच."

१४ ऑगस्ट

दुसऱ्यांदा केलं, आकृती तीच.

एनईएमच्या प्लेटांकडे आज वळले. हे जेल क्षपणाशिवाय, नमुन्यात बीटा-मरकॅप्टोइथेनॉल नाही. इथे मुद्दाम लायसेट थेट चढवलं, बीड्सवरचं नाही, कारण न तोडलेली अँटिबॉडी १५० किलोडाल्टनवर येते आणि आस्क१ १५५. दोघं एकमेकांच्या अंगावर बसले असते.

कंट्रोलमध्ये आस्क१ आपल्या जागी. पेरॉक्साइड दिलेल्यात आपल्या जागचा बँड फिका, आणि जेलच्या अगदी वर, खाचेपाशी, काळा लपका. त्याच नमुन्याला डीटीटी देऊन उकळलं की लपका गायब आणि १५५ला बँड परत. म्हणजे आस्क१चे रेणूच एकमेकांना डायसल्फाइडने बांधले गेले.

हे मी शोधलेलं नाही. कॅनडातल्या जाक लँड्री यांच्या गटाने २००७मध्ये हेच दाखवून वेगळा अर्थ लावला होता: आस्क१चे असे डायसल्फाइड गठ्ठे जेएनके जागं करायला लागतात, आणि थायोरेडॉक्सिनचं काम हे गठ्ठे सोडवण्याचं. म्हणजे थायोरेडॉक्सिन नुसती दारामागे टेकवलेली आगळ नव्हे, हात चालवणारा कारागीर. ३ जुलैला सरांनी विचारलेला प्रश्न इथे येऊन उभा राहिला. धरून ठेवणं आणि सोडवत राहणं यांत फरक आहे, आणि माझा को-आयपी फक्त धरलेलं पाहतो.

माझं मत, वहीपुरतं: दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. जो माणूस सतत गाठी सोडवतोय त्याचा हात दोरीवर बराच वेळ दिसणारच. पण "निरोधक" हा शब्द प्रस्तावनेत मी आता जपून वापरणार.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. पेशी गोठवून ठेवल्या, इन्क्युबेटरमध्ये पाणी भरलं, गावी.

३१ ऑगस्ट, गावी

गौरी आल्या. काकांनी ओसरीवर बसवून विचारलं, "तू नक्की करतेस काय?" मी आगळ, दार, पहारेकरी सगळं सांगितलं. काकांचे सांधे आमवाताने वाकडे झालेत, त्यामुळे त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "औषध निघेल का यातून?"

खोटं कशाला सांगू. आस्क१ला थेट बंद करणारं सेलोनसर्टिब नावाचं औषध यकृताच्या आजारावर तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं होतं, २०१९मध्ये तिथे त्याचा अपेक्षित फायदा दिसला नाही. मग त्यांना ऑरानोफिनची गोष्ट सांगितली, कारण ती त्यांच्याच दुखण्याची. अमेरिकेत १९८५मध्ये आमवातावर मंजूर झालेली ही गोळी, आणि तिच्या रेणूत चक्क सोनं आहे. हे सोनं पेशीत थायोरेडॉक्सिन रिडक्टेझ या विकराच्या सेलेनियमवर जाऊन बसतं. थायोरेडॉक्सिन वापरलं गेलं, त्याचे सिस्टीन जोडले गेले, की त्याला पुन्हा ताजं करणारा हाच विकर. तो बंद, तर आगळ एकदा निघाली की परत बसायची नाही.

काकू आतून म्हणाल्या, "सोनं खाऊनही सांधे दुखायचे थांबत नसतील तर माझ्या बांगड्या तरी सुखरूप राहू देत."

पण बोलता बोलता माझं मलाच सुचलं. साठाव्या मिनिटाला परत येणारा तो बँड! त्याला ऑरानोफिन देऊन बघायला हवं. रात्री मॅडमना मेसेज टाकला. उत्तर आलं: "मोदक खा. मग बोलू."

१० सप्टेंबर

ऑरानोफिन, २ मायक्रोमोलर, पेरॉक्साइडच्या आधी एक तास. वेळा फक्त ०, १५, ६०.

ऑरानोफिन नसलेल्या प्लेटांत नेहमीचंच: आहे, नाही, परत आहे. ऑरानोफिन दिलेल्यांत शून्यालाच बँड थोडा उतरलेला, १५ला नाही, ६०लाही नाही. जेएनकेही ६०ला खाली आलेलं नाही, १५एवढंच काळं. प्लेटमध्ये पेशी गोल व्हायला लागलेल्या.

आस्क१ नसलेल्या उंदरांच्या पेशींवरचं २००१चं काम इथे लागू पडतं. त्या पेशींत पेरॉक्साइडने जेएनके सुरुवातीला जागं होतं, पण टिकत नाही, आणि पेशी मरायलाही तयार नसतात. म्हणजे आस्क१चा हात मुख्यतः रेंगाळण्यात. माझ्या जेलवर रेंगाळणं आगळ परत न बसण्याबरोबर दिसतंय. "बरोबर" एवढंच लिहिते, "मुळे" नाही. उतरणीला आणखी एक हात असतो, पीपी५ नावाचं फॉस्फेटेझ जाग्या आस्क१ला येऊन चिकटतं आणि त्याचं फॉस्फेट काढून टाकतं. तेही चिकटणारंच प्रथिन, पण दार उघडल्यावर येणारं. ऑरानोफिनने त्याचं काही बिघडलं का, ते या जेलवरून सांगता येत नाही.

१९ सप्टेंबर

मॅडमच्या सांगण्यावरून १४-३-३ नावाचं प्रथिन बघितलं. (नाव विचित्र वाटतं, १९६७मध्ये मेंदूतली प्रथिनं वेगळी करताना स्तंभातला कितवा अंश आणि जेलवर कुठली जागा यावरून पडलं. बारसं विसरलेलं मूल.) हे आस्क१च्या सेरिन ९६७वर फॉस्फेट असेल तरच धरतं. म्हणजे दाराला दुसरी आगळ, पण वाचण्याची भाषा वेगळी: थायोरेडॉक्सिन गंधक वाचतं, १४-३-३ फॉस्फेट. कॅल्सिन्यूरिनसारखं फॉस्फेटेझ ते सेरिन मोकळं करतं आणि ही आगळही निघते. तशीच रीत खाली जेएनकेवर जीएसटी-पाय या प्रथिनाची, तेही ऑक्सिडेशन झालं की सुटतं. पेशीचा एका कुलपावर विश्वास दिसत नाही.

निकाल: काही नाही. १४-३-३ येतं २८-३० किलोडाल्टनला, अँटिबॉडीची हलकी साखळी २५ला, आणि माझ्या ब्लॉटवर दोघींचा मिळून एकच ढग. बीड्सना कायमची जोडलेली अँटिबॉडी हवी. ऑर्डर दिली, येईल तेव्हा येईल. प्रबंधात हा भाग पुढच्या कामात जाणार.

२४ सप्टेंबर

तिसरी फेरीही तशीच लागली. पाच वेळांची आकृती तयार करून मॅडमना दिली. वर थायोरेडॉक्सिन, मध्ये आस्क१चं फॉस्फेट, खाली जेएनकेचं.

त्यांनी बराच वेळ बघितली. मग पेन्सिलने ५ मिनिटांच्या रकान्याभोवती गोल काढला. "इथे थायोरेडॉक्सिन निम्मं सुटलंय आणि आस्क१वर फॉस्फेटही आलंय. मग आधी काय झालं?" आणि वहीचं पहिलं पान उघडून माझ्याच मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं.

५च्या आधी जायला हवं. १ मिनिट, २ मिनिटं. अडचण हाताची आहे: माध्यम ओतून टाकायला, थंड बफर घालायला आणि पेशी खरवडायलाच मला ४० सेकंद लागतात, आणि हेक पेशी घाईत सुटून जातात. १ मिनिटाची प्लेट माझ्या हातात पावणेदोन मिनिटांची होते.

२६ सप्टेंबर

पाण्याच्या प्लेटांवर सराव. माध्यम ओतायचं नाही, पंपाने ओढायचं. बफर आधीच बर्फावर मोजून भरलेल्या सिरिंजमध्ये. खरवडणं नंतर, बफर पडला की घड्याळ थांबलं असं धरायचं. चौथ्या सरावाला ११ सेकंद.

पेरॉक्साइड आज मोजलं: नवी बाटली, ०.४२. नळ्यांवर नावं घातली, ०, १, २, ५, प्रत्येकीच्या दोन. उद्या सकाळी आठला ताई घड्याळ धरेल आणि मोठ्याने सेकंद मोजेल, मी सिरिंज धरेन. मावशींना सांगून ठेवलंय, साडेआठपर्यंत हूडच्या खोलीचं दार उघडायचं नाही.